अक्कांचा पगार

लातूरला मी नऊ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. कॉलेजात नाही, क्लासमध्ये. ट्यूशन एरियातल्या एका तीन मजली इमारतीत आमचा क्लास होता. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत एकदा हुकलेली मुलं वर्षभर पुन्हा तयारी करतात, त्यांना रिपीटर म्हणतात. माझ्याकडे बहुतेक रिपीटरच असत. माझं घर नांदेडला, नवरा तिथं रेल्वेच्या विभागीय कार्यालयात कामाला. सोमवारी पहाटेच्या बसनं मी लातूर गाठायची आणि शनिवारी दुपारी मुलांची टेस्ट संपली की अहमदपूर, लोहा करत परत नांदेडला. मधले दिवस लातूरला एका खोलीत.

नोकरीला लागले तेव्हा क्लासच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, मला विचारलं होतं, "तुमची अपेक्षा काय हाय, मॅडम?"

"तुम्ही ठरवाल ते," मी म्हणाले.

त्यांनी अठरा हजार ठरवले. मी खुशीत घरी आले. नाही म्हणण्यासारखं तेव्हा काही वाटलं नाही, कारण आधी देगलूरच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायची, तिथले पैसे वर्षातून दोनदा, तेही मिळाले तर मिळाले, असे होते. पुढं दरवर्षी सर आपल्या मनानं पगार वाढवत. किती वाढवला ते स्वतः कधी सांगत नसत. जूनमध्ये कधीतरी जिन्यात भेटल्यावर अक्का सांगायच्या, "यंदा चार वाढवलेत बरं का." मी "बरं" म्हणायची आणि वर्गावर जायची. अशी सहा वर्षं गेली आणि पगार बेचाळीसवर आला.

अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. माहेर उदगीरकडचं, घरात मराठीच्या बरोबरीनं कानडी बोलणारं. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणायचो, शिपायापासून पालकांपर्यंत. खालच्या मजल्यावर काचेच्या खिडकीमागे त्यांची खुर्ची होती. प्रवेशाचे फॉर्म, मुलींच्या हॉस्टेलच्या खोल्या, मेसच्या तक्रारी, टेस्टचे पेपर छापून आणणं, आमची वेळापत्रकं, रजा, सगळं त्या खिडकीतून चालायचं. सर वर, तिसऱ्या मजल्यावर. कधीकाळी भाड्याच्या हॉलमध्ये स्वतः केमिस्ट्री शिकवून त्यांनी हा क्लास उभा केला होता. कपाळावर भस्म, आवाज मऊ, आणि कुठल्याही माणसाबद्दल बोलताना "आपल्या घरचाच हाय तो" हे ठरलेलं.

सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, एप्रिलमध्ये, फिजिक्सचे नवे सर माझ्याकडे कागद घेऊन आले. ते राजस्थानातून आलेले, मराठी वाचता येत नव्हतं. खोली बदलत होते आणि घरमालकानं भाडेकराराबरोबर एक मराठी अर्ज भरायला दिला होता. मी वाचून सांगत गेले, ते भरत गेले. मासिक उत्पन्नाच्या रकान्यात त्यांनी एक लाख चाळीस हजार लिहिलं. मी तिथं थांबले असणार, कारण त्यांनी विचारलं, "मॅडम, कुछ गलत लिख दिया क्या?"

"नहीं, सही है," मी म्हणाले.

ते आठवड्याला अठरा तास घेत, मी चोवीस. माणूस चांगला होता. शिकवायचाही चांगलं. त्याच्याबद्दल मला काही वाटलं नाही. त्या रात्री मी हिशेब मात्र तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो सारखाच आला.

मे महिन्यात मी सरांकडे गेले. एका कागदावर मुद्दे लिहून नेले होते. सहा वर्षं, आठवड्याचे तास, एकही वर्ग न बुडवल्याचा तपशील, शेवटी आकडा: पंच्याहत्तर हजार. सरांनी चहा मागवला. पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "फिजिक्सला मास्तर मिळत न्हाई. बायोलॉजीला एक जाहिरात दिली की दहा येतेत. हे मी तुम्हाला कमी लेखायला म्हणून न्हाई राहिलो, बाजार सांगून राहिलो. अन तुम्ही तर घरच्याच की. घरच्या माणसानं असं कागद घेऊन यावं का?"

बाजाराचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं माझ्या खोलीवर एक नवा कोरा कूलर घेऊन आली. "सरांनी पाठवलाय," म्हणाली. लातूरचा मे महिना. परत पाठवावा असं दोन तास वाटत होतं, मग मी त्यात पाणी भरलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत नांदेडच्या एका क्लासचा फोन आला. त्यांना प्राणिशास्त्राला कुणी हवं होतं आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. मी गेले. चाळीस मिनिटांचा नमुना तास घ्यायचा होता. मी मूत्रपिंड शिकवलं. मागच्या बाकांवर क्लासचे मालक बसले होते, तिशीतला मुलगा, इंजिनिअर, मांडीवर लॅपटॉप. तास संपल्यावर मुलांकडून चिठ्ठ्या गोळा झाल्या, त्यानं त्या चाळल्या आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅम, तुमचं एक्स्पेक्टेशन?"

"पंच्याहत्तर," मी म्हणाले. तोच आकडा, मे महिन्यातला.

"डन," तो म्हणाला. माझ्या हातातला पाण्याचा पेला अजून टेबलावर टेकला नव्हता.

ऑटोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कमी सांगितलं. किती कमी, ते कळायला मार्ग नव्हता. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मागितलं तेवढं मिळालं. मग वाईट काय झालं?"

"त्यानं विचारच केला नाही."

"मग चांगलंय की."

त्याचा पगार वेतन आयोगाच्या कागदावर वाढतो. जानेवारी आणि जुलैत महागाई भत्ता येतो, ऑफिसात पेढे येतात. वीस वर्षांत त्याला कुणी अपेक्षा विचारलेली नाही. हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, आणि तो जेवायला वाढायला उठलाही होता.

नांदेडची नोकरी मी घेतली नाही. घरी राहता आलं असतं, म्हणून घ्यायची जवळजवळ ठरलीच होती. पण कागद आला त्यात तीन वर्षांचं बंधन होतं, माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात राहणार होती, आणि मुलांचे मार्क ठरावीक आकड्याच्या खाली गेले तर पगारातून कपात होती. प्रमाणपत्रं दुसऱ्याच्या कपाटात ठेवायची कल्पना मला सहन होईना. शिवाय लातूरची बॅच अर्ध्यावर होती.

सुट्टी संपल्यावर मी सरांना सरळ सांगितलं की नांदेडला जाऊन आले.

"जाणार हाव का?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"किती देतेत?"

"पंच्याहत्तर."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली मुलांच्या सायकली एकमेकांत अडकल्या होत्या आणि वॉचमन त्या सोडवत होता. "बरं," ते म्हणाले. "तेवढे आपण पण देऊ."

"मला नव्वद पाहिजेत."

"का म्हणून?"

"तिथं माझं घर आहे. इथं खोली आहे."

हे मी बसमध्ये ठरवलेलं नव्हतं, तोंडून गेलं. सरांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. पंच्याऐंशीवर आम्ही दोघं थांबलो. मग ते म्हणाले, "पण मॅडम, पगार वाढला म्हणजे जिम्मेदारी वाढली. यंदा बायोलॉजीत तीनशे साठपैकी तीनशे तीसच्या वर चाळीस पोरं पाहिजेत मला. ते तुमच्यावर."

इथं मला एका कंडक्टरची आठवण झाली. आदल्या वर्षी निकालाच्या दहा दिवस आधी एसटीतले एक कंडक्टर मुलीला घेऊन आले होते, खाकी कपड्यातच, हातात पेढ्यांचा पुडा. क्लासमधून त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, पोरीची सीट पक्की आहे. कुणी सांगितलं ते ते सांगेनात. मुलगी त्यांच्या मागं उभी होती आणि तिला स्वतःचे टेस्टचे मार्क माहीत होते. मी त्यांना खुर्ची दिली आणि मार्क दाखवले. सरकारी मेडिकल होणार नाही, आयुर्वेदाला कदाचित होईल, असं सांगितलं. ते म्हणाले, "पण इथूनच सांगितलं होतं की." मग पुडा टेबलावर तसाच ठेवून निघून गेले. तो पुडा कुणी उघडला नाही. मुलीला पुढं फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला असं ऐकलं.

"मुलांचे मार्क माझ्या हातात नाहीत, सर," मी म्हणाले. "माझ्या हातात काय आहे ते मी लिहून देते. त्यात चुकले तर पगार कापा."

मी तिथंच बसून एक पान लिहिलं. जानेवारीअखेर अभ्यासक्रम संपवीन. शनिवारच्या टेस्टची चर्चा मंगळवारच्या आत वर्गात होईल. रोज चार ते सहा शंका विचारायला कुणीही येऊ शकेल. पालकांना मुलांचे खरे मार्क सांगीन, सीटचं काही सांगणार नाही. माझा फोटो फ्लेक्सवर लावायचा तर त्याच्या खाली हमखास हा शब्द नको. नोकरी सोडायची झाली तर दोन महिने आधी सांगीन.

सरांनी पान वाचलं आणि हसले. "हे तर मीच तुमच्याकडं नोकरी मागायला आल्यासारखं झालं." पण सही केली आणि टाइप करायला खाली अक्कांकडं पाठवलं. त्या वर्षी तीनशे तीसच्या वर किती मुलं गेली ते सरांनी मोजलं असेलच. मला बोलले नाहीत.

माझी गोष्ट इथं संपली असती. एप्रिलमध्ये, वर्ग संपून परीक्षेच्या आधीची शांतता होती तेव्हा, अक्का स्टाफरूममध्ये आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांच्या हातात माझ्या त्या पानाची प्रत होती.

"मॅडम, हे पान मी सहा महिने बघून राहिले," त्या म्हणाल्या. "असं एक माझं पण लिवून द्या."

"तुमचं काय, अक्का?"

"माझ्या हातात काय काय हाय ते. अन पगार."

मला खरंच कळलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. क्लास सुरू झाल्यापासून, म्हणजे तेरा वर्षं, त्या या खिडकीत बसत होत्या. त्यांना पगार नव्हता. लागतील तेवढे पैसे घरातल्या कपाटातून घ्यायची मुभा होती, कुणी हिशेब मागत नव्हतं.

"पण अक्का, क्लास तर तुमच्या घरचाच ना," मी म्हणाले.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं. मी वही काढली.

चार दुपारी आम्ही लिहीत होतो. त्या सांगायच्या, मी उतरवायची. दोनशे मुलींच्या खोल्या, कुणाचं कुणाशी जमत नाही ते बघून. मेसवाल्याशी वर्षाचा करार. टेस्टचे पेपर छापून आले की त्यांच्याच कपाटात कुलपात. ताप आलेल्या मुलीला डॉक्टरकडं नेणं, रात्री तिच्याजवळ थांबणं. पालकांचे फोन. आमच्यातलं कोण रजेवर, कोण रुसलेलं, कुणाचा तास कुणी घ्यायचा. घरी फोन करून रडणाऱ्या मुली, आणि घरी फोन न करणाऱ्या, ज्यांच्याकडं जास्त लक्ष द्यावं लागतं. "ते पण लिवा," त्या म्हणाल्या. "फोन न करणाऱ्या." तीन पानं झाली.

त्यातून मी एक पान केलं. तक्रार वाटेल असं सगळं काढून टाकलं. तेरा वर्षं हा शब्द ठेवावा की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. त्यांना तो हवा होता. मी म्हणाले, मागचं मागायचं नाही, पुढचं मागायचं. शेवटी तो काढला. आज मला वाटतं, ठेवायला हवा होता.

"आकडा किती?" मी विचारलं.

"वीस."

"शेजारच्या क्लासच्या मॅनेजरला किती आहे?"

"चाळीस. त्याला पोरांची नावं पण मालूम न्हाईत."

"मग पंचेचाळीस."

अक्कांनी पदर सारखा केला. "लई होतंय का?"

"सर पटकन हो म्हणाले तर कमी झालं असं समजा."

सर पटकन हो म्हणाले नाहीत. त्यांना आधी ती चेष्टा वाटली. मग मनाला लागलं. हे सगळं अक्कांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, खिडकीत बसून, पावत्या फाडत.

"म्हणले, तुला पैसे कमी पडतेत का? म्हणलं, न्हाई. म्हणले, मग? म्हणलं, पगार पाहिजे. म्हणले, लोक काय म्हणतील, बायकोला पगार देतोय. म्हणलं, लोकान्ला कशाला सांगायचं, बँकेत टाका."

"मग?"

"उठून गेले."

दोन दिवसांनी सर माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?"

"मी फक्त लिहून दिलं."

"तुमचा प्रश्न मिटला होता न्हाई का?"

"मिटला होता."

"मग दुसऱ्याच्या घरात कशाला?" एवढं बोलून ते वर गेले. जूनचं नवं वेळापत्रक त्यांनी अक्कांकडून काढून घेऊन स्वतः केलं. त्यात माझे सगळे तास सकाळी सातचे आणि संध्याकाळी सहाचे होते, मधला दिवस मोकळा. काढून टाकतील असंही मला वाटत होतं. नांदेडच्या त्या मुलाचा नंबर मी शोधून ठेवला. भीती म्हणता येणार नाही, पण त्या दिवसांत मी महिन्याचं सामान एकदम भरलं नाही.

जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असते. जीप करून आलेली कुटुंबं, गाद्यांच्या वळकट्या, लोखंडी पेट्या, मुलाबरोबर आई, वडील, मामा आणि एखादा सल्ला देणारा शेजारी. त्याच आठवड्यात उदगीरला अक्कांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. दरवर्षी असलं काही निघालं की अक्का सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या. या वेळी त्या बॅग घेऊन गेल्या. लग्न झालं, वरात झाली, पूजा झाली, अक्का आल्या नाहीत. सरांनी फोन केला तर म्हणाल्या, बहीण थांब म्हणतेय.

सर स्वतः खिडकीत बसले. मला आणि ऑफिसातल्या एका बाईंना मदतीला घेतलं, कारण माझा मधला दिवस मोकळाच होता. पहिल्या दिवशी एकाच खोलीत दोन कुटुंबांनी गाद्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी मेसवाला येऊन म्हणाला की अक्कांशी बोलणं झाल्याप्रमाणे दर वाढलाय, आणि खरं काय ते सांगणारं कुणी नव्हतं. सर ओरडले नाहीत. ते कुणावर ओरडत नसत. प्रत्येक गोष्टीला "थांबा, बघून सांगतो" म्हणत राहिले आणि रांग जिन्यापर्यंत गेली.

नवव्या दिवशी निलंग्याकडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. हातातल्या पिशवीत मोजून आणलेले पैसे होते. सरांनी फीचा आकडा सांगितला. बाईंनी मुलीकडं पाहिलं. मुलगी म्हणाली, "अक्कांनी अर्धी सांगितली होती." सरांनी रजिस्टर पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, कुठंच नोंद नव्हती. त्यांच्यामागं आणखी एक गृहस्थ तेच म्हणू लागले. सरांनी फोन लावला आणि लिहायला हात मोकळा राहावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"ते फी कमी केलेल्या पोरांचं कुठं लिवलंय?"

"कुठंच न्हाई," अक्कांचा आवाज आला. मागं भांड्यांचा आणि कानडी बोलणाऱ्या बायकांचा गलका होता. "मला मालूम हाय."

"मग सांग की."

"पंचेचाळीस."

रांगेतल्या कुणीतरी मागं वळून सांगितलं, पंचेचाळीस पोरांना सवलत आहे. सर हातातलं पेन धरून बसले. समोर ती बाई, तिची मुलगी, तिच्यामागं जिन्यापर्यंत माणसं.

"बरं," ते म्हणाले.

"बँकेत. माझ्या एकटीच्या खात्यात. एक तारखेला."

"बरं म्हणलं की."

"आयतु," अक्का कानडीत म्हणाल्या, म्हणजे झालं. आणि लगेच नावं सांगायला सुरुवात केली. एकवीस नावं, गावं, कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला दिवाळीनंतर. कुठंही अडखळल्या नाहीत. सर लिहून घेत होते. निलंग्याची मुलगी सहावी होती. तिचं नाव आल्यावर तिच्या आईनं पिशवीची गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी अक्का परत आल्या, काचेमागे बसल्या, आणि त्या विषयावर मी समोर असताना नवराबायकोत पुन्हा बोलणं झालं नाही. सर माझ्याशी ऑगस्टपर्यंत कामापुरतंच बोलले.

पगार सुरू झाल्यावर अक्का दहाला येऊन सहाला उठू लागल्या. आधी त्या रात्री नऊपर्यंत असायच्या. संध्याकाळसाठी सरांना एक माणूस ठेवावा लागला. फी सवलतीचं रजिस्टर अक्कांनी स्वतःच केलं, कारण आता ते कामात धरलं होतं. पैशांचं काय करता, असं मी हिवाळ्यात एकदा विचारलं.

"काय न्हाई. पडून हाय," त्या म्हणाल्या. मग उन्हाळ्यात त्यांनी स्कूटी घेतली. वय सेहेचाळीस. रविवारी आडत बाजार बंद असतो तेव्हा तिथल्या मोकळ्या जागेत शिकल्या, दोनदा पडल्या, कोपरावर पट्टी लावून खिडकीत बसल्या. शिकवायला सर जायचे. ते मागं बसत नसत, पळत असत.

आणखी एक झालं, जे मी धरलं नव्हतं. मास्तरांच्या पगाराचं आणि कामाचं सगळं सरांनी अक्कांवर सोपवलं. पगार घेते तर हेही बघ, असं असेल. बुधवारी सकाळी त्या माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या.

"मॅडम, मंगळवार झाला. टेस्टची चर्चा न्हाई झाली."

"काल घसा बसला होता."

"तुम्हीच लिवून दिलंय." त्या महिन्यात अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. मला राग आला होता. ज्या बाईसाठी मी चार दुपारी बसून पान लिहिलं, ती माझे अर्ध्या दिवसाचे पैसे कापते, असं मनात येत राहिलं. पण नियम मीच लिहून दिला होता. त्यांनी सगळ्यांचंच तसं केलं, फिजिक्सच्या सरांचंसुद्धा. ते एकदा म्हणाले, "पहले वाले सर अच्छे थे." सर वरच्या मजल्यावरच होते.

आठव्या वर्षी मी पगार वाढवून मागायला गेले ती अक्कांकडं. मी एक लाख दहा म्हणाले. अक्कांनी चहा मागवला नाही. त्यांनी माझ्या तासांचा तक्ता काढला, मुलांनी भरलेले कागद काढले, शेजारच्या दोन क्लासमध्ये प्राणिशास्त्राला काय देतात तेही त्यांना ठाऊक होतं. "अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर जमत न्हाई. जमत असतं तर दिलं असतं." त्यांच्यावर माझा विश्वास बसला. सरांवर इतक्या वर्षांत बसला नव्हता, आणि सर मला खोटं बोलले होते असंही नाही. अठ्ठ्याण्णव घेऊन मी उठले. दाराशी पोचले तर त्यांनी विचारलं, "केमिस्ट्रीला एक पोरगी आली होती काल. अपेक्षा विचारली तर म्हणली, तुम्ही ठरवाल ते. काय करू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी तर तिला म्हणलंय, घरी जा, विचार कर, आकडा घेऊन ये."

ती मुलगी पन्नास म्हणाली आणि अक्कांनी अठ्ठेचाळीस दिले.

नवव्या वर्षाच्या शेवटी मी लातूर सोडलं. कारण साधं होतं, बसचा कंटाळा आला होता. आता नांदेडला भाग्यनगरच्या बाजूला एका लहान क्लासमध्ये मी सकाळचे तीन तास शिकवते. पगार लातूरपेक्षा बराच कमी आहे. तो मीच कमी सांगितला, त्या बदल्यात दुपारनंतर मला कुणी बोलवायचं नाही असं ठरवून घेतलं. पहिले काही आठवडे तिथले सर दुपारी मुलांना शंका घेऊन घरी पाठवायचे. मी त्यांना सांगितल्यावर ते "बरं मॅडम" म्हणाले आणि पाठवणं थांबलं. कंधारची एक मुलगी तेवढी अजून गुरुवारी दुपारी येते, तिला पाठवलेलं नसतंच, ती आपली आपण येते. मी दार उघडते. ती चप्पल बाहेर काढते आणि वही उघडून थेट प्रश्नच विचारते.